घटक ७ : पाणी पंचायत – शाश्वत शेती आणि वाटणीचा विचार

७.१ उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर आपणांस शाश्वत शेतीची संकल्पना स्वतःच्या शब्दांत मांडता येईल, पाणी पंचायतीचे नियम व त्यांमागील तर्क स्पष्ट करता येईल आणि आपल्या गावातील पाणीवाटपाकडे त्या दृष्टीने पाहता येईल.

७.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, पुणे–नगर रस्त्यावरील शिक्रापूर हे गाव वेळ नदीच्या काठी वसलेले आहे. शिरूर तालुक्याच्या काही भागास चासकमान धरणाच्या कालव्याचे पाणी मिळते. भीमेपलीकडील दौंड तालुक्यात खडकवासल्याचा कालवा पोहोचतो. या दोन्ही तालुक्यांत जिथे पाणी आहे तिथे ऊस उभा आहे. जिथे कालवा नाही तिथे बाजरी, ज्वारी आणि वर्षागणिक खोल जाणारी विंधनविहीर आहे. बांध एक, पाऊस एक, परंतु दोन शेतकऱ्यांचे जगणे मात्र वेगळे, असे चित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

‘पर्माकल्चर’ ही संज्ञा १९७८ साली ऑस्ट्रेलियातील बिल मॉलिसन व डेव्हिड होल्मग्रेन यांनी पुस्तकरूपाने प्रचारात आणली. निसर्गाच्या घडणीचे अनुकरण करून टिकाऊ शेती व वसाहत उभारणे, हा तिचा आशय होय. जमिनीची काळजी, माणसांची काळजी आणि न्याय्य वाटणी ही तिची तीन नैतिक तत्त्वे मानली जातात. आपल्याकडे शाश्वत शेतीची चर्चा बहुधा पहिल्या तत्त्वापाशीच थांबते. आच्छादन, गांडूळखत, मिश्रपिके यांविषयी विपुल लिहिले जाते. वाटणीविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. पुणे जिल्ह्यातच, दौंडला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यात, पर्माकल्चर हा शब्द रूढ होण्यापूर्वी एका प्रयोगाने वाटणीच्या प्रश्नाला हात घातला होता.

७.३ विषय-विवेचन

१९७२ च्या दुष्काळात पुण्यातील अभियंते-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पुरंदरमधील लोकांना दुष्काळी कामांवर राबताना पाहिले. दुष्काळ ओसरला तरी गावाची स्थिती पालटणार नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. १९७४ साली त्यांनी नायगाव येथे देवस्थानची सुमारे ४० एकर उजाड, उताराची जमीन दीर्घ मुदतीच्या कराराने घेतली. त्याच वर्षी ‘ग्राम गौरव प्रतिष्ठान’ स्थापन झाले. कल्पनाताई साळुंखे या कार्यात त्यांच्यासोबत होत्या. उतारावर समपातळीत बांध घालण्यात आले, पायथ्याला पाझर तलाव झाला, त्याखाली विहीर घेतली आणि तिचे पाणी उपसून वरच्या शेताला देण्यात आले.

येथवरच्या तंत्रात फार नवे काही नव्हते. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात पावसाचे पाणी बंधाऱ्यांनी अडवून शेतात मुरवण्याची सूचना केलेलीच होती. नायगावचे वेगळेपण पुढील प्रश्नात आहे : असे साठलेले पाणी कोणाचे?

आपल्या प्रचलित कायद्याची परंपरा याचे उत्तर जमीनमालकाच्या बाजूने देते. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ नुसार स्वतःच्या जमिनीखालील पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकास आहे. ज्याची जमीन मोठी आणि मोटार मोठी, त्याचे पाणीही मोठे. पाणी पंचायतीने हे गणित उलटे केले. पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर न ठरता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरेल, हा तिचा मूळ नियम. दरडोई अर्धा एकर आणि एका कुटुंबास कमाल अडीच एकर, एवढ्याच क्षेत्रास पाणी. चार माणसांच्या कुटुंबाकडे वीस एकर असोत वा दोन, पाणी दोन एकरांनाच मिळणार. वीस एकरवाल्याचे उरलेले अठरा एकर जिरायतच राहणार. एवढे मान्य करायला मोठ्या शेतकऱ्याला काय वाटले असेल, याची कल्पना गावात राहणाऱ्या वाचकाने करावी.

इतर नियम याच सूत्रातून निघतात. योजना व्यक्तीची नसून गटाची असेल. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नसेल. जमीन विकली तरी पाणी विकता येणार नाही. भूमिहीनासही वाटा असेल. खर्चाचा २० टक्के भाग लाभार्थी स्वतः उचलतील. उसासारखे बारमाही पीक घेता येणार नाही. हा शेवटचा नियम उसाच्या द्वेषापोटी आलेला नाही. ऊस वर्षभर आणि ऐन उन्हाळ्यातही पाणी मागतो. एका एकर उसाच्या पाण्यात ज्वारीसारख्या हंगामी पिकाचे अनेक एकर भिजतात. ऊस शिरला की दरडोई वाटणी मोडते, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे. पाळी ठरवणे आणि पाणी सोडणे हे काम गटाने नेमलेल्या पाटकऱ्याकडे असे.

येथे भाषेच्या अभ्यासकाने एक गंमत टिपावी. ‘पंचायत’ म्हणजे निवाडा करणारी सभा. तोच शब्द बोलीत ‘पंचाईत’ झाला की अडचण असा अर्थ देतो. पाणी पंचायतीच्या वाट्याला दोन्ही अर्थ आले. भूमिहीनाचा हक्क लिहिणे सोपे होते, पण पाणी लावायला त्याच्याकडे जमीन नव्हती. दुसऱ्याची जमीन वाट्याने करणे हाच त्यास मार्ग. शिवाय शेजारी कालवा येऊन उसाला मुबलक पाणी मिळू लागले की स्वतःवर मर्यादा घालून घेणारा गट एकटा पडतो. २००२ साली विलासरावांचे निधन झाले. पुरंदरचे हे नियम महाराष्ट्राचा सर्वसाधारण रिवाज झाले नाहीत. तरी समन्यायी पाणीवाटपाच्या राज्यातील प्रत्येक गंभीर चर्चेत त्यांचा उल्लेख होतो, आणि तो योग्यच आहे. कारण पाणलोटाची कामे करून पाणी वाढवल्यावर ते पुन्हा मोजक्यांच्याच विहिरींत जाते, हा अनुभव अनेक गावांनी घेतला आहे.

आता शिक्रापूरकडे परत येऊ. रांजणगाव व सणसवाडी येथील कारखान्यांमुळे या परिसरात मराठवाडा-विदर्भातून आलेली असंख्य कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांच्या नावे सात-बारा नाही. शेताचे भूखंड पडले, तरी खालचे पाणी तेच आहे. त्यावर शेत, कारखाना आणि भाडेकरूची घागर असे तिघे अवलंबून आहेत. ‘दरडोई’ या शब्दातील ‘डोई’ कोणाकोणाची मोजायची, हा नायगावात तुलनेने सोपा असलेला प्रश्न येथे अवघड होतो.

७.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा का केला? उसावरील बंदीशी त्याचा संबंध स्पष्ट करा.

२. पाळी, पाट, पाटकरी, उपसा, जिरायत, बागायत या शब्दांचे आपल्या भागातील अर्थ वडीलधाऱ्या शेतकऱ्यांना विचारून नोंदवा.

३. आपल्या गावात दरडोई पाणीवाटप करायचे ठरल्यास कोणाचा विरोध होईल, आणि भाडेकरू कुटुंबांना वाटा द्यावा काय? सुमारे ३०० शब्दांत लिहा.