भारुडापासून दिल्लीपर्यंत : वामन केंद्रे



आपल्या गॅदरिंगच्या एकांकिकेत एक नियम आहे. तो कुणी लिहून ठेवलेला नाही, पण पाळतात सगळे. हीरो 'काय करतोयस?' म्हणतो आणि वॉचमन किंवा गावाकडून आलेला काका 'काय करायलास?' म्हणतो. हॉल हसतो. हसणाऱ्यांपैकी बरेचजण रूमवर 'करायलास'च म्हणतात, ही गोष्ट वेगळी! मी कॉन्व्हेंटचा, माझं मराठी पुस्तकी, म्हणून मला दोन्ही वर्षं हीरोचा रोल मिळाला. माझा रूममेट औशाचा. आवाज माझ्यापेक्षा भारी, टायमिंग तर विचारूच नका. तो दोन्ही वर्षं वॉचमन. म्हणून यावेळी वामन केंद्रे सरांविषयी लिहावंसं वाटलं.

सरांचा जन्म १९५७ चा, लातूरच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, दरडवाडी गावी. वडील भारूड करायचे. पुढे औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) विद्यापीठात नाट्यशास्त्राचे शिक्षण झाले आणि मग दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, म्हणजे एनएसडी. तिथून ते १९८२ साली बाहेर पडले. एनएसडीचा कोर्स ३ वर्षांचा, तिथेच राहून करायचा. अभिनयाबरोबर आवाज, हालचाल, प्रकाशयोजना, नेपथ्य, वेशभूषा सगळं शिकावं लागतं. आपल्याला वाटतं नाटक अंगातच असावं लागतं. असेलही, पण तिथे ते आपल्या प्रॅक्टिकलसारखं रोज करून घेतात. नंतर सरांनी केरळच्या लोकनाट्याचाही अभ्यास केला.

आता भारुडाकडे बघा. हा तर पैठणच्या एकनाथ महाराजांचा, म्हणजे मराठवाड्याचाच ठेवा. सोंग घेणारा डोक्यावर पदर घेतो की बाई होतो, हातात काठी धरली की म्हातारा. मागचे टाळकरी धृपद उचलून धरतात. सेट नाही, पडदा नाही. मध्येच तो सोंगातून बाहेर येतो, समोरच्या लोकांशी बोलतो, अर्थ सांगतो आणि परत सोंगात शिरतो. ब्रेख्त नावाच्या जर्मन नाटककाराने १९३५ मध्ये मॉस्कोत मेइ लानफांग या चिनी नटाचे काम पाहिले आणि नट स्वतःला भूमिकेपासून थोडा अलग कसा ठेवतो यावर लिहिले. ती थिअरी आज जगभर शिकवतात. आपल्या गावात तेच काम कंदिलाच्या उजेडात चालत होतं आणि आपण त्याला गावठी म्हणून मोकळे झालो.

केंद्रे सरांनी दिल्लीहून येऊन गावाकडचं टाकून दिलं नाही. १९८७ चं 'झुलवा' घ्या. कादंबरी उत्तम बंडू तुपे यांची, नाट्यरूपांतर चेतन दातार यांचे, विषय यल्लमाला सोडलेल्या जोगतिणींचा. आपल्या नाटकात कंटाळा येऊ नये म्हणून मध्ये एक डान्स टाकतात. इथे गाणं-नाचणं हेच त्या माणसांचं जगणं आणि पोट, त्यामुळे ते काढलं तर गोष्टच उरत नाही. भाषाही त्या माणसांची, आणि ती हसवायला आणलेली नाही. मला हा फरक सगळ्यात मोठा वाटतो. सयाजी शिंदे यांचं नाव या नाटकातून पुढे आलं. 'जानेमन' मध्ये तर त्यांनी तृतीयपंथीयांचं आयुष्य रंगमंचावर आणलं.

यावरून आम्ही रूमवर एक प्रयोग केला. एका जुन्या एकांकिकेचं वाचन प्रत्येकाने घरच्या बोलीत करायचं. परत आलेल्या मुलाला बाप विचारतो, 'तू परत का आलास?' रूममेटनं ते 'काहून आलास बाबा?' असं हळूच म्हटलं. वाचन तिथेच दोन मिनिटं थांबलं. दिग्दर्शक मंडळींनी पहिल्या रिहर्सलला हे जरूर करून पाहावं. नंतर कोणती भाषा ठेवायची ते पात्र बघून ठरवता येतं.

सरांनी शिकवण्याचं कामही तेवढंच केलं. २००३ साली मुंबई विद्यापीठात अ‍ॅकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स सुरू झाली, तिचे ते संस्थापक संचालक. २०१३ ते २०१८ ते एनएसडीचे संचालक होते, म्हणजे जिथे विद्यार्थी होते तिथेच! २०१८ चं थिएटर ऑलिंपिक्स त्यांच्याच काळात भारतातल्या १७ शहरांत झालं. २०१९ ची पद्मश्री वगैरे तुम्हाला गूगलवर मिळेलच.

'नाटकात पोट भरंल का?' हा आपल्या सगळ्यांच्या घरचा प्रश्न. फक्त नटावर भरेलच असं कुणी सांगू शकत नाही. पण दिग्दर्शन, प्रकाशयोजना, शिकवणं ही सगळी त्यातलीच कामं आहेत आणि त्यांचं रीतसर शिक्षण मिळतं. त्यासाठी दिल्लीच गाठली पाहिजे असंही नाही. इथे नांदेडला, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात, ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. आपल्यातल्या कितीजणांना माहीत आहे? रूममेट मागच्या शनिवारी तिथे जाऊन प्रवेशाची चौकशी करून आला. औशाला अजून सांगितलेलं नाही.