अमेरिकन माणूस अबोल की अघळपघळ?

प्रश्न : माझा मुलगा बॉस्टनला, मुलगी अटलांटाजवळ आणि भाचा मिनिआपोलिसला असतो. यंदा तिघांकडेही राहून आले. बॉस्टनला शेजारीपाजारी नजर चुकवून जिना उतरत. अटलांटात दुकानातली अनोळखी बाई मला 'मॅम' म्हणत माझ्या साडीची चौकशी करत उभी राहिली. मिनिआपोलिसला शेजारीण गरम पदार्थाचे भांडे घेऊन दाराशी आली, पण 'आमच्याकडे या' असे काही म्हणाली नाही. अटलांटात चहा मागवला, तर बर्फ घातलेला गोडमिट्ट पेला समोर आला! देश एक, भाषा एक, मग इतका फरक का? उत्तरेकडची माणसे उद्धट आणि दक्षिणेकडची प्रेमळ, असे समजायचे का?
– एक वाचिका, सांगली

उत्तर : तुमचा गोंधळ रास्त आहे आणि तो केवळ परदेशी पाहुण्यांचा नाही. अटलांटात वाढलेला अमेरिकन नोकरीसाठी बॉस्टनला गेला की तोही हेच विचारतो. तुमच्या पत्रात तीन शंका एकमेकींत गुंतल्या आहेत. वागण्यात फरक का पडतो, त्यावरून माणसाची पारख करावी का, आणि चहा-जेवण का बदलते? एकेक सोडवू.

बॉस्टन आणि अटलांटा यांच्यात सरळ रेषेत सुमारे १,५०० किलोमीटर अंतर आहे. पण रीतीभाती नुसत्या अंतराने बदलत नाहीत. कोण, कुठून आणि कशासाठी येऊन वसले, यावर त्या ठरतात. इतिहासकार डेव्हिड हॅकेट फिशर यांनी १९८९ च्या 'अल्बियन्स सीड' या ग्रंथात दाखवले की ब्रिटनमधून आलेले सुरुवातीचे वसाहतकरी एका साच्याचे नव्हतेच. बॉस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६२९ ते १६४१ या काळात आले ते मुख्यतः पूर्व इंग्लंडमधले प्युरिटन. बायकामुलांसह आलेली ही मंडळी गाव करून राहणारी, कामाला आणि वेळेला जपणारी होती. व्हर्जिनियात जमीनदारी थाटाचे लोक आले. अठराव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरची आणि उत्तर आयर्लंडमधली माणसे दक्षिणेच्या डोंगराळ भागात शिरली. त्यांचा मूळ मुलूख तंट्याबखेड्यांचा, त्यामुळे ती मानापमानाला फार जपत. मिनिआपोलिसच्या मिनेसोटा राज्यात एकोणिसाव्या शतकात नॉर्वे, स्वीडन आणि जर्मनीतून शेतकरी आले. पहिल्यांनी जी वहिवाट पाडली, तीच पुढे येणाऱ्यांनी बरीचशी उचलली.

आता अटलांटातल्या त्या बाईंकडे वळू. जुन्या दक्षिणेत मळे मोठे, घरे एकमेकांपासून लांब आणि वाटेत उतरायला जागा थोड्या. दाराशी आलेला माणूस बाहेरच्या जगाची बातमी घेऊन येई आणि मुक्कामही करी. त्याला वेळ देणे आणि भरपेट जेवू घालणे ही घराण्याच्या प्रतिष्ठेची बाब झाली. मात्र या पाहुणचाराचे कष्ट कोण उपसत होते, तेही पाहायला हवे. मळेवाल्यांच्या स्वयंपाकघरात राबत ती गुलाम केलेली आफ्रिकी माणसे आणि त्यांची लेकरे. व्हर्जिनियातले मळेवाले आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन यांनी जेम्स हेमिंग्ज या आपल्या गुलामाला पॅरिसला नेऊन फ्रेंच स्वयंपाक शिकवला. पुढे त्याने तो धाकट्या भावाला शिकवला, आणि त्यानंतरच १७९६ मध्ये त्याची सुटका झाली.

तुम्हाला अप्रूप वाटले त्या 'मॅम'लाही असाच इतिहास आहे. काळ्या माणसांनी गोऱ्यांना 'सर' आणि 'मॅम' म्हणायचे, गोऱ्यांनी मात्र त्यांना नुसत्या नावाने हाक मारायची, हा दंडक दक्षिणेत विसाव्या शतकातही चालू होता. १९६३ मध्ये अलाबामातल्या एका न्यायालयात मेरी हॅमिल्टन या कृष्णवर्णीय कार्यकर्तीने सरकारी वकिलाला बजावले, 'मिस हॅमिल्टन' म्हणा, तरच उत्तर देईन. न्यायालयाचा अवमान केला म्हणून तिला शिक्षा झाली. १९६४ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. आज दक्षिणेतल्या काळ्या आणि गोऱ्या, दोन्ही घरांत मुलांना 'येस मॅम' लहानपणीच शिकवतात. लुइझियाना राज्याने तर १९९९ मध्ये शाळकरी मुलांनी शिक्षकांशी असेच बोलावे, असा कायदा केला.

या गोडव्यामागे आणखी एक कारण सांगतात. मानसशास्त्रज्ञ डोव्ह कोहेन आणि रिचर्ड निस्बेट यांनी सहकाऱ्यांसह मिशिगन विद्यापीठात केलेला एक प्रयोग १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्याला एका अरुंद मार्गिकेतून पाठवायचे आणि वाटेत एकाने मुद्दाम धक्का मारून शिवी हासडायची, असा तो बेत. उत्तरेकडच्या मुलांना त्याची बव्हंशी गंमत वाटली. दक्षिणेकडच्या मुलांच्या शरीरात मात्र ताण आणि आक्रमकता यांच्याशी संबंधित संप्रेरके वाढलेली आढळली. जिथे अपमान गिळला जात नाही, तिथे सगळेच आधीपासून अदबीने बोलतात. दक्षिणेतले सौजन्य खरे आहे, पण ते भांडण टाळण्याचेही काम करते.

मग बॉस्टनवाले उद्धट ठरतात का? इथे एक मोठा गैरसमज दूर करू. रॉबर्ट लेव्हिन या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात ३६ अमेरिकन शहरांत माणुसकीची परीक्षा घेतली. वाटेत पेन पडल्याचे कोणी सांगते का, अंध माणसाला रस्ता ओलांडून देते का, सापडलेले पत्र टपालात टाकते का, अशा साध्या कसोट्या होत्या. यादीत न्यूयॉर्क शहर तळाला होते, म्हणजे तुमचा संशय खरा! पण पहिला क्रमांक आला रॉचेस्टरचा, आणि हे बर्फाळ शहर न्यूयॉर्क राज्यातच आहे. उत्तर-दक्षिणेपेक्षा जास्त फरक पडत होता तो दाटीवाटीचा. जितकी गर्दी जास्त, तितकी अनोळखी माणसाला मिळणारी मदत कमी.

कारण उघड आहे. दिवसाला हजारो चेहरे समोरून जात असतील तर प्रत्येकाची विचारपूस करणार कशी? मग दाटीच्या शहरात सभ्यतेचा अर्थच बदलतो. दुसऱ्याचा वेळ न खाणे आणि त्याच्या खासगीपणात डोकावू नये म्हणून नजर वळवणे, हीच तिथली अदब. तुमच्या मुलाचे शेजारी जिन्यात तेच करत होते. एकमेकांच्या कष्टांची कदर त्यांनाही आहे. बॉस्टनला बर्फवृष्टीनंतर ज्याने फावड्याने बर्फ उपसून गाडीपुरती जागा मोकळी केली, तो तिथे जुनी खुर्ची ठेवून कामाला जातो. रस्ता सार्वजनिक असला तरी त्या जागेवर सहसा दुसरा कोणी गाडी लावत नाही. वादळाची आणीबाणी संपल्यावरही ४८ तास नगरपालिका ही खुर्ची चालवून घेते.

बोलण्याची लयसुद्धा प्रदेशागणिक वेगळी असते. भाषाशास्त्रज्ञ डेबोरा टॅनन यांनी १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत झालेल्या एका थँक्सगिव्हिंगच्या जेवणातले संभाषण ध्वनिमुद्रित करून अभ्यासले. त्यातली न्यूयॉर्कची माणसे समोरच्याचे वाक्य संपायच्या आतच बोलू लागत. त्यांच्या लेखी तो उत्साह आणि आपलेपणा. कॅलिफोर्नियाची माणसे बोलण्यात खंड पडण्याची वाट पाहत राहिली, आणि खंड काही पडेना! वाईट हेतू कोणाचाच नव्हता.

आता मिनिआपोलिसची शेजारीण. मिनेसोटातल्या उत्तर युरोपीय वळणात पुढे-पुढे करणे आणि दुसऱ्याला भिडेत टाकणे असभ्य मानतात. खायला विचारले तर पहिल्यांदा 'नको', दुसऱ्यांदाही 'नको', तिसऱ्यांदा मात्र 'बरं, थोडंसंच', ही तिथली रीत आपल्याकडच्या आग्रहाच्या पंगतीत सहज खपून जाईल. ताटलीतला शेवटचा तुकडा कोणी उचलत नाही. उचललाच तर अर्धा कापून उरलेला तसाच ठेवतात. घरी बोलावले तर तुमच्यावर येण्याचे दडपण येईल, म्हणून पदार्थच तुमच्या दारी येतो. ओळख हळूहळू वाढते, कारण कित्येकांचा गोतावळा शाळा आणि चर्चपासूनचा, आधीच भरलेला असतो.

तो पदार्थ बहुधा 'हॉटडिश' असावा. तळाला खिमा, मधल्या थरात डब्यातले मशरूमचे घट्ट सूप आणि वर बटाट्याच्या किसाचे तळीव गोळे रचून भट्टीत भाजलेला हा प्रकार. ते सूप कॅम्पबेल कंपनीने १९३४ मध्ये बाजारात आणले, तर बटाट्याचे गोळे १९५० च्या दशकातले. लांब हिवाळा, घरात खाणारी तोंडे बरीच आणि चर्चमध्ये प्रत्येकाने एकेक पदार्थ आणून करायची जेवणे, या तिन्हींना पुरेल असा तो बेत आहे. खिमा बहुतेक वेळा गोमांसाचा असतो. तेव्हा शाकाहारी असाल तर मोकळेपणाने विचारा, त्याचा राग येत नाही.

राहिला चहा. बर्फाचा चहा १९०४ मध्ये सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात जन्मला, अशी गोष्ट सर्रास सांगतात. ती खरी नाही. व्हर्जिनियातल्या स्वयंपाकाच्या एका पुस्तकात त्याची कृती १८७९ मध्येच छापली होती. प्रदर्शनाने तो लोकप्रिय केला, इतकेच. उष्ण दक्षिणेत बर्फ कुठला, असे तुम्ही विचाराल. तो यायचा तुमच्या मुलाच्या बॉस्टनकडून! फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने मॅसॅच्युसेट्सच्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून जहाजांनी दक्षिणेच्या बंदरांत पाठवला. १८३३ मध्ये तो कलकत्त्याला पोचला आणि पाठोपाठ मुंबईलाही. पुढे यंत्राने बर्फ होऊ लागला, आणि साखर घातलेला थंड चहा दक्षिणेत रोजच्या जेवणाचा भाग झाला. २००३ मध्ये अटलांटा ज्या राज्यात आहे त्या जॉर्जियाच्या विधिमंडळात, प्रत्येक चहा देणाऱ्या उपाहारगृहाने गोड चहा ठेवलाच पाहिजे, असे विधेयक मांडले गेले. ते एप्रिल फूलनिमित्त होते, पण गंमत सगळ्यांना कळली यातच सारे आले. पुढच्या वेळी अटलांटात 'हॉट टी' असे स्पष्ट मागा. थंडच हवा पण साखर नको, तर 'अनस्वीट' म्हणा.

जेवणाचा फरकही याच तर्काने सुटतो: जमिनीत काय पिकते आणि हात कोणाचे. दक्षिणेत तुम्हाला भेंडी आणि चवळी ओळखीची वाटली असेल. दोन्ही आफ्रिकेतून गुलामांच्या व्यापाराबरोबर तिथे पोचल्या. भेंडीचे गम्बो हे दाट कालवण लुइझियानात करतात. चवळी-भाताचा 'हॉपिन जॉन' एक जानेवारीला खाल्ला की वर्ष भाग्याचे जाते, अशी दक्षिणेत समजूत आहे. दोन्हींत डुकराचे मांस असू शकते, तेव्हा विचारून घ्या. बॉस्टनला समुद्र जवळ आणि दूधदुभते जुने, म्हणून तिथले शिंपल्यांचे चाउडर, म्हणजे सूप, पांढरे. न्यूयॉर्कच्या नावाने ओळखले जाणारे चाउडर टोमॅटोचे, लाल. हा वादही विधिमंडळात पोचला. १९३९ मध्ये मेन राज्यातल्या एका आमदाराने चाउडरमध्ये टोमॅटो घालण्यावर बंदीच सुचवली होती. धुरावर संथ भाजलेल्या मांसाचे, म्हणजे बार्बेक्यूचे तेच. नॉर्थ कॅरोलिनाच्या पूर्वेला डुकराचे मांस आणि व्हिनेगर, साउथ कॅरोलिनात जर्मन वस्तीमुळे मोहरीची चटणी, टेक्ससमध्ये गुरांची कुरणे म्हणून गोमांस.

एक सावधगिरी मात्र बाळगा. हे सगळे प्रदेशाचे ढोबळ वळण आहे, माणसाची जन्मपत्रिका नव्हे. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख काळे अमेरिकन दक्षिण सोडून उत्तरेला आणि पश्चिमेला गेले. त्यांच्याबरोबर तिथली बोलण्याची ढब आणि तळलेली कोंबडी शिकागो-डेट्रॉइटला पोचली. आजच्या अटलांटात बाहेरून आलेल्यांची संख्या इतकी आहे की तुमच्या साडीचे कौतुक करणारी बाई मूळची ओहायोचीही असू शकेल.

म्हणून निकाल असा. उद्धट आणि प्रेमळ असा भेद इथे लागू पडत नाही. दक्षिणेत वेळ देणे, ईशान्येत वेळ न घेणे आणि मिनेसोटात भीड न घालणे, हे तिन्ही मान राखण्याचेच प्रकार आहेत. अटलांटात कोणी थांबून बोलले तर दोन मिनिटे तुम्हीही थांबा, मात्र तेवढ्याने घरोबा झाला असे समजू नका. बॉस्टनला काही अडले तर प्रस्तावना न करता नेमके विचारा, माणसे मदत करतात. आणि मिनिआपोलिसला भाच्याच्या घरात ते भांडे अजून असेल, तर त्याचा तळ पाहायला सांगा. तिथे पट्टी चिकटवून मालकिणीचे नाव लिहायची पद्धत आहे. भांडे रिकामे परत करू नका. त्यातून थोडा शिरा पाठवा, आणि नंतर काय झाले ते आम्हाला कळवा.