रीत कुणाच्या सोयीची?

लग्नसराई तोंडावर आली की तुमच्यापैकी कितीतरी जण आवाज खाली आणून विचारतात, 'पोरगी ऐकत नाही, काय करावं?' उत्तर देण्याआधी एका दूधवाल्याची गोष्ट सांगते.

रशियातल्या अनातेव्का नावाच्या ज्यू खेड्यातला हा टेव्ये. पदरी पाच लेकी, हुंड्याला पैसा नाही, देवाशी मात्र रोजची बोलाचाली. शोलेम आलेखेम यांच्या यिद्दिश कथांवरून बेतलेलं 'फिडलर ऑन द रूफ' हे संगीत नाटक १९६४ साली न्यूयॉर्कला आलं, १९७१ साली सिनेमाही निघाला. टेव्ये सुरुवातीलाच गावच्या रीतीभातींचं तोंड भरून कौतुक करतो. पण त्या आल्या कुठून, हे काही त्याला सांगता येत नाही.

थोरलीसाठी श्रीमंत खाटकाचं स्थळ येतं, बाप शब्द देऊन बसतो. पोरीचा जीव मात्र गरीब शिंप्यावर. बाप विरघळतो, पण बायकोला सांगायची छाती नाही. मग तो रात्री ओरडत उठतो आणि खाटकाची मेलेली बायको स्वप्नात येऊन धमकावून गेली, असं रचून सांगतो. हसू नका. नको असलेलं स्थळ परतवताना आपणही 'पत्रिका जुळत नाही' म्हणतोच की! रीत वाकवायची कला आपल्याला पक्की येते. ती पोरीच्या बाजूनं क्वचितच वापरतो, एवढंच.

आपल्याकडे गोविंद बल्लाळ देवलांनी 'संगीत शारदा' १८९९ सालीच रंगभूमीवर आणलं. त्यातला कांचनभट पैशापायी कोवळ्या लेकीला म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघतो. तोंडी शास्त्र आणि मनात हिशोब.

आता आपल्या धाराशिवकडे या. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल कोयत्यावर. कारखाना पेटायच्या आत पोराला जोडीदारीण हवी असते. तिकडे पोरीच्या आईबापाला घोर, की आपण महिनोन्‌महिने फडावर, वयात आलेली लेक कुणाच्या भरवशावर ठेवायची? हा घोर खरा आहे, मी तो उडवून लावणार नाही. पण त्यावर 'आमच्यात लवकरच करतात' असा रीतीचा शिक्का मारू नका. ती रीत नाही, अडचण आहे, आणि अडचणीला आजी-मावशीचं घर, वसतिगृह अशा वाटा शोधता येतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. शेजारी असं काही शिजत असेल तर मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा नंबर लक्षात असू द्या.

भावकी काय म्हणेल, हे तुमचं पुढचं दुखणं. त्यावर आपल्याच मराठी ज्यूंचं, बेने इस्राएलांचं उदाहरण घ्या. कोकणातल्या खेड्यांत ते तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं रोहेकर, पेणकर. घरात मराठी, लग्नात मेंदी, नवसाला मलिदा. एवढी शतकं धर्म सांभाळून ही माणसं इस्राएलला गेली, तर तिथल्या धर्मपीठानं त्यांच्याच ज्यूपणावर शंका घेतली आणि लग्नं अडू लागली. त्यांनी आंदोलन केलं, तेव्हा १९६४ साली त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. टेव्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आला तेच हे वर्ष. सोवळेपणात आपल्यावर ताण करणारा कुणी ना कुणी भेटतोच. त्याला खूश करण्यासाठी लेकीचं आयुष्य कशाला पणाला लावायचं?

टेव्येची तिसरी लेक धर्माबाहेर लग्न करते, आणि बाप तिला मेली समजतो. पुढे झारचा हुकूम येतो, सगळ्या गावाला घरंदारं विकून निघावं लागतं. तेव्हाही तो तिच्याशी थेट बोलत नाही, थोरलीच्या आडून आशीर्वाद पुटपुटतो. नाटक त्याला समजून घेतं, पण मला हा बाप इथे पटत नाही. गाव तर गेलंच, मग अबोला धरून वाचवलं काय?

तुमच्यातले बरेच जण म्हणतात, पोरीनं बाहेर लग्न केलं तर कुलाचार बुडेल. तुळजापूरला जाणं, लग्नानंतरचा गोंधळ ती करेल की नाही, हे तिचं ती ठरवेल. पण घरच्या गोंधळाचं आवतण तिला आणि जावयाला धाडणं तुमच्या हातात आहे. आणि स्थळाची चौकशी करायची आपली जुनी रीत अजिबात सोडू नका, मुलगा तिनं स्वतः निवडलेला असला तरी. फक्त जातीपाशी थांबू नका. तो कमावतो काय, पितो का, रागात हात उचलतो का, त्याच्या घरात बायकांना बोलू देतात का, हे त्याच्या गावात जाऊन विचारा, आणि जे कळेल ते लेकीसमोर बसून तिला सांगा.