गाडी विकली, पण नाव उतरलं का?

भिलाईत गाडी विकायला काढली की पहिला प्रश्न ठरलेला, "बीएसपीवाले की गाडी है क्या?" त्यामागे हिशोब आहे. बीएसपी म्हणजे भिलाई स्टील प्लांट, आणि त्याच्या टाउनशिपमधला माणूस ड्यूटीला बहुतेक स्कूटरनं जातो. चारचाकी बाहेर निघते ती रविवारी मैत्रीबागेला, लग्नकार्याला रायपूरला, नाहीतर दिवाळीत नागपूरला. म्हणून नऊ-दहा वर्षांची गाडीसुद्धा कमी पळालेली असते आणि सर्व्हिसिंगची बिलं फायलीला ओळीनं लावलेली सापडतात. तेच गिऱ्हाईक मग बोनेटवरून बोट फिरवतं, बोटावरची लालसर धूळ तुम्हाला दाखवतं आणि म्हणतं, प्लांटच्या पार्किंगला उघड्यावर उभी राहिलेली दिसते, पेंट बसलाय. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात, आणि भाव या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी ठरतो.

इथल्या आम्हा मराठी घरांत गाडी विकण्याचे प्रसंग दोनच. एक, नवी घ्यायची असते. दुसरा, साठ पूर्ण होतात, क्वार्टर सोडायची तारीख जवळ येते आणि सामान नागपूर-वर्धा-अमरावतीकडे निघतं. जुनी गाडी एकतर शोरूमला एक्स्चेंजमध्ये द्या, नाहीतर स्वतः गिऱ्हाईक शोधा. शोरूमला दिली की भाव कमी पण झंझट नाही, स्वतः विकली की भाव जास्त पण डोक्याला ताप, असं कुणीही सांगेल. मी दोन्ही करून बसलो आहे, आणि माझ्या बाबतीत ताप झाला तो शोरूमला दिलेल्या गाडीचा.

2019 मध्ये आमची सँट्रो एक्स्चेंजमध्ये गेली. नवी दारात आली, जुनी त्यांच्या यार्डात, एका दुपारचं काम. सेल्सच्या मुलानं फॉर्म 29 आणि फॉर्म 30 पुढे केले. घेणाऱ्याच्या नावाच्या जागा कोऱ्या. तेव्हाची ही सर्रास पद्धत होती. शोरूम किंवा दलाल गाडी स्वतःच्या नावावर चढवतच नसे. पुढचं गिऱ्हाईक मिळालं की त्याचं नाव त्या कोऱ्या जागेत भरायचं. एका नामांतरणाचा खर्च वाचतो, आणि आरसीवर मालकांची संख्या वाढत नाही म्हणून गाडीला भावही बरा येतो. फायदा सगळा त्यांचा. पुढचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत, आणि त्यानं आळस केला तर त्यापुढेही, सरकारच्या वहीत मालक तुम्हीच.

2021 मध्ये माझ्या मोबाइलवर रायपूरचे ई-चलान येऊ लागले. सिग्नल तोडला, मग पुन्हा सिग्नल तोडला. शोरूममध्ये गेलो, तर ज्या मुलानं फॉर्म भरले तो नोकरी सोडून गेलेला. मग बिलासपूरकडच्या एका ठाण्यातून फोन आला: तुमच्या सँट्रोनं मोटारसायकलवाल्याला धक्का दिला, या. त्या माणसाचं खरचटण्यावर निभावलं, हे त्याचं आणि माझंही नशीब. गाडी शोरूमकडून एका दलालाकडे, त्याच्याकडून दुसऱ्याकडे आणि शेवटी ज्याच्याकडे गेली होती, त्यानं विमासुद्धा काढला नव्हता. माझ्याकडे एकच कामाचा कागद होता: यार्डात गाडी दिल्याची पावती, शिक्क्याची आणि तारखेची. ठाण्यातल्या साहेबांनी ती पाहून आवाज खाली आणला, पण म्हणाले, "रेकॉर्ड में तो मालिक आप ही हैं।"

ते बरोबरच म्हणत होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 2(30) प्रमाणे ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. पैसे कुणी दिले, किल्ली कुणाकडे, याला तिथे जागा नाही. सर्वोच्च न्यायालयानं 6 फेब्रुवारी 2018 च्या निकालात यावर पक्कं शिक्कामोर्तब केलं. तीन न्यायमूर्तींचं पीठ, निकाल लिहिला न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी. त्या प्रकरणात मूळ मालकानं जुलै 2007 मध्ये गाडी विकली होती, ती एकामागून एक हातांत फिरली, आणि मे 2009 मध्ये तिच्याखाली एक जण मेला. नाव मात्र अजून पहिल्याचंच. नुकसानभरपाईची जबाबदारी न्यायालयानं त्याच्यावरच ठेवली. गाडी कुणी कुणाला विकली याचा माग अपघातग्रस्तानं काढत बसायचं का, हा न्यायालयाचा मुद्दा होता आणि तो मला आजही पटतो. मी त्या मोटारसायकलवाल्याच्या जागी असतो तर मलाही रेकॉर्डवरचाच माणूस हवा असता.

आपल्या भागात आणखी एक भीती आहे. ओडिशाकडून येणारा गांजा महासमुंदच्या रस्त्यावर वरचेवर पकडला जातो, आणि तो बऱ्याचदा जुन्या कारमधून येतो. अशी गाडी सापडली की पोलीस पहिल्यांदा नंबर टाकून नाव बघतात. त्या नावाच्या माणसानं गाडी विकलेली असली तरी खुलासे करायला त्यालाच जावं लागतं.

सँट्रोचं पुढे काय झालं? पावतीची प्रत जोडून दुर्गच्या आरटीओत लेखी अर्ज दिला, आवक शिक्का घेतला, तीच प्रत ठाण्याला आणि शोरूमच्या मॅनेजरला. शिक्का बघितल्यावर मॅनेजर हलला, दलालाला बोलावून त्यानं शेवटच्या माणसाच्या नावावर गाडी चढवून घेतली. चलान मात्र मलाच भरावे लागले.

विकणाऱ्याचं काम काय, हे कलम 50 मध्ये सरळ लिहिलेलं आहे. गाडी राज्यातल्या राज्यात गेली तर 14 दिवसांत, बाहेरच्या राज्यात गेली तर 45 दिवसांत आरटीओला विकल्याची खबर आपण द्यायची. ती खबर म्हणजेच फॉर्म 29. घेणाऱ्याला 30 दिवस. म्हणजे "अंकल, नाम ट्रांसफर हम करवा लेंगे" हे वाक्य कितीही गोड वाटलं तरी आपल्या वाट्याचं काम ते संपवत नाही.

1 एप्रिल 2023 पासून एक चांगली सोय झाली आहे आणि ती वापरणारे मला फार भेटत नाहीत. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला आता आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, फॉर्म 29 ब. अशा डीलरला गाडी देताना पोर्टलवर फॉर्म 29 क भरून कळवायचं. तिथून पुढे तो डीलर 'मानीव मालक' ठरतो. त्या मधल्या काळातल्या घटनांची जबाबदारी त्याची, आणि ट्रायल, दुरुस्ती, तपासणी अशा कामांखेरीज ती गाडी त्यानं रस्त्यावर आणायची नाही. 2019 मध्ये हे असतं तर बिलासपूरचा फोन मला आलाच नसता. तेव्हा जी. ई. रोडवरच्या कुठल्याही दुकानात किंवा शोरूमच्या एक्स्चेंजच्या टेबलावर भाव विचारण्याआधी अधिकारपत्र दाखवा म्हणा. "वो सब हो जाएगा" असं उत्तर आलं तर पुढच्या दुकानात जा. कोऱ्या जागांचे फॉर्म समोर आले तरी तेच.

आता भाव. शोरूम कमी देतं म्हणून त्यांना शिव्या घालण्यात अर्थ नाही. त्यांना डेंटिंग-पेंटिंग करायचं, टायर बदलायचे, गाडी महिनोन् महिने जागेवर ठेवायची आणि वर नफ्याच्या फरकावर 18 टक्के जीएसटी भरायचा असतो. तुम्ही-आम्ही घरगुती गाडी आपसांत विकली तर हा जीएसटी लागत नाही. फसगत होते ती दुसरीकडे. एक्स्चेंजमध्ये ते जुन्या गाडीचा भाव पंधरा हजारांनी वाढवतात आणि नव्या गाडीवरची सूट तेवढीच गुपचूप कमी करतात. वर 'एक्स्चेंज बोनस' म्हणून कंपनीचे पैसे आपल्या गाडीच्या किमतीत धरून दाखवतात. यावर एकच इलाज मला सापडला: आधी नव्या गाडीचा ऑन-रोड भाव लेखी घ्यायचा, जुनी गाडी आहे हे न सांगता. तो कागद खिशात टाकल्यावर जुनीचा विषय काढायचा, आणि बोनस वेगळ्या ओळीत लिहून मागायचा.

आणखी एक. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव आपोआप उतरतो. त्याआधी शेजाऱ्याला काय मिळालं ते उराशी धरून बसलेले लोक सेक्टरांत अजून दिसतात, आणि त्यांची गाडी दारात धूळ खात दिसते.

2019 ला घेतलेली ती नवी गाडी मी अलीकडे स्वतः विकली. शोरूमनं सांगितलेल्या भावापेक्षा पन्नास-एक हजार जास्त मिळाले. गिऱ्हाईक बालोदचे एक शिक्षक. त्याआधी जे फोन आले त्यांत एक 'फौजी' होता: पोस्टिंग जगदलपूरला, गाडी न बघताच पसंत, टोकन लगेच पाठवतो, फक्त हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका. पैसे घ्यायला पिन लागत नाही, देताना लागतो. एवढं ज्याला माहीत आहे त्याच्यापुढे हा फौजी दोन मिनिटंही टिकत नाही.

गाडी दाखवायला मी घरी कुणाला बोलावलं नाही. सिव्हिक सेंटरला, दिवसाउजेडी. चालवून बघायची तर मी शेजारच्या सीटवर, आणि आधी त्यांच्या लायसन्सचा फोटो. आरसीची झेरॉक्स दिली, पण मूळ आरसी सौदा पुरा होईपर्यंत हातातून सोडली नाही.

पैशांचं सांगायचं तर शिक्षक रोख घेऊन आले होते. मी नको म्हटलं, त्यांना थोडं लागलंही. पण आयकर कायद्यानं एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायला बंदी आहे, आणि दंड होतो तो घेणाऱ्याला, घेतलेल्या रकमेइतकाच. मग आम्ही त्यांच्या बँकेतून आरटीजीएस केलं. 'पैसे पाठवले'चा स्क्रीनशॉट मी बघितलासुद्धा नाही, खात्यात आल्याचं बघितलं.

त्यानंतर किल्ली द्यायच्या आधी दोघांनी बसून परिवहनच्या पोर्टलवर नामांतरणाचा अर्ज भरला. ओटीपी माझ्या मोबाइलवर, फी त्यांच्याकडून, पावतीची एक प्रत मला. शिवाय नाव चढेपर्यंत दहा हजार माझ्याकडे अमानत राहतील असं स्टँप पेपरवर लिहून घेतलं. याला ते आधी तयार नव्हते. "सर, भरवसा नाही का?" मी सँट्रोची गोष्ट सांगितली, मग मात्र त्यांनी मुकाट्यानं सही केली. नाव चढलं, दहा हजार परत गेले. पोर्टलवर अर्ज गेला म्हणजे नाव बदललं असं नव्हे. आरटीओनं मंजूर केल्यावर बदलतं. म्हणून अधूनमधून एम-परिवहनवर नंबर टाकून बघत राहायचं.

डिलिव्हरीच्या कागदावर तारखेबरोबर वेळही घाला. सकाळी अकराला चलान आणि बाराला गाडी दिलेली, असा वाद होऊ शकतो. किलोमीटरचा आकडाही लिहा, सही घ्या.

फास्टॅग बँकेला सांगून बंद करून घ्या. नुसता काचेवरून खरवडून काढला तरी खातं चालूच राहतं. तो तसाच गाडीवर सोडला तर राजनांदगावच्या वाटेवरच्या टोलला पैसे तुमच्या खात्यातून कटत राहतील. काचेवरचा प्लांटच्या गेटचा पास काढा. गेटवर सीआयएसएफ असतं आणि त्यांच्याशी असले खुलासे करत बसणं बरं नव्हे. विम्याचा 'नो क्लेम बोनस' तुमचा, गाडीचा नव्हे. कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं तर तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीला वापरता येतो, तो गिऱ्हाइकाला फुकट देऊ नका. कर्ज फिटलेलं असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 देऊन आरसीवरचा बोजा आधीच उतरवा. गिऱ्हाईक दारात आल्यावर हे सुरू केलं तर ते दुसऱ्याच्या दारात जातं.

मग काय करायचं, असं कुणी विचारलं तर मी उलट विचारतो, हातात वेळ किती आहे? क्वार्टर सोडायला महिनाच उरला असेल तर अधिकारपत्रवाल्या डीलरला द्या, 29 क ची पोच घ्या आणि पन्नास हजारांचं दुःख करू नका. तीन-चार महिने असतील तर स्वतः विका.

तिसरा मार्ग म्हणजे घरातल्या घरात देणं, आणि नाव राहून जातं ते तिथेच जास्त. आमचे दादा गेले तेव्हा त्यांची गाडी नागपूरच्या पुतण्यानं न्यायची ठरली. तो किल्ली घेऊन निघालाच होता. "काका, घरचीच तर गाडी आहे, नावाचं काय एवढं?" पण गाडी दादांच्या नावावर, आणि मालक गेल्यावर 30 दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांच्या आत फॉर्म 31 नं वारसाच्या नावावर घ्यायची असते. आता आरसीवर नॉमिनी लावता येतो, तो लावलेला असता तर वारसाच्या कागदांची धावपळ वाचली असती. आम्ही आधी दुर्गला वहिनींच्या नावावर केली. मग फॉर्म 28 ची एनओसी, मग नागपूरला महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नवा नंबर. इथे आधी भरलेल्या करातला उरलेल्या वर्षांचा हिस्सा परत मागायचा अर्ज वेगळा. बाहेरच्या राज्यात बारा महिन्यांपर्यंत जुन्याच नंबरवर फिरता येतं, म्हणून पुतण्याला घाई नव्हती. वहिनींना होती. नागपूरचा नंबर पडेपर्यंत दुसरी किल्ली त्यांनी दिली नाही.