ठरवून केलेलं पाप आणि माझं तारण

आजचं वाचन: इब्री १०:१९–३९



मी मूळचा कडेगावचा. कराड-विटा रस्त्यावरचं, सांगली जिल्ह्यातलं. पुण्यात चर्चमध्ये कोणी नवीन भेटलं की हमखास विचारतं, "म्हणजे पंडिता रमाबाईंचं का?" ते केडगाव, दौंडजवळचं. पण आजच्या मननात दोन्ही गावं येणार आहेत.

मागच्या आठवड्यात युवक संघातल्या एका भावाचा रात्री साडेबाराला मेसेज आला. "दादा, चुकून नाही, ठरवून पाप केलंय. आत्ता इब्री १०:२६ वाचलं. माझं तारण गेलं का?" त्याचं पाप काय, ते इथे लिहिणार नाही. माझं लिहितो, कारण काही वर्षांपूर्वी हाच प्रश्न मलाही पडला होता.

इंजिनीअरिंग झाल्यावर नोकरी मिळेना. पैसे देऊन दीड वर्षाच्या अनुभवाचं खोटं पत्र बनवून घेतलं आणि त्यावर नोकरी मिळवली. तेव्हा मी नावापुरता ख्रिस्ती होतो. पुढे पुण्यात प्रभूला खऱ्या अर्थाने जीवन दिलं. मग नोकरी बदलायची वेळ आली. नव्या कंपनीच्या फॉर्मवर अनुभवाचा तोच रकाना. खरं लिहिलं तर ऑफर जाणार. लॅपटॉपसमोर बसून मी चक्क प्रार्थना केली, "प्रभू, एवढं एकदा भरतो, मग क्षमा मागतो." आणि सबमिट केलं.

खोट्या पत्रापेक्षा ती प्रार्थना मला जास्त बोचते. क्षमेचं मी आगाऊ बुकिंग केलं होतं. दोनच दिवसांनी रोजच्या वाचनात इब्री १० आला आणि माझी झोप उडाली.

वचन काय सांगतं?

जुन्या करारात दोन प्रकारची पापं वेगळी काढली आहेत. लेवीय ४ मध्ये नकळत घडलेल्या पापासाठी अर्पण आहे. गणना १५:३०-३१ मध्ये मात्र जो उद्दामपणे पाप करतो, त्याच्यासाठी अर्पण सांगितलेलं नाही. आमच्या कामात सांगायचं तर, चुकून राहिलेला बग वेगळा आणि माहीत असून गुपचूप ढकललेला कोड वेगळा.

इब्रीचा लेखक हाच धागा पकडतो. पण तो कोणाशी बोलतोय ते बघा. हे विश्वासणारे छळातून गेलेले, मालमत्ता गमावलेले आहेत (१०:३२-३४). आता थकून काहींनी एकत्र येणंही सोडलंय (१०:२५). ते ख्रिस्ताकडे पाठ फिरवायच्या बेतात आहेत. म्हणून २९ व्या वचनात त्या पापाचं वर्णन येतं: देवाच्या पुत्राला पायाखाली तुडवणं, त्याच्या रक्ताला क्षुल्लक मानणं, कृपेच्या आत्म्याचा अपमान करणं. शिवाय २६ व्या वचनातलं ग्रीक क्रियापद चालू क्रिया दाखवतं. "पाप केलं" आणि "पाप करत राहिलो" यांतला फरक आपल्या मराठीलाही कळतो.

दाविदाने जे केलं ते चुकून नव्हतं. बथशेबा, मग उरीयाचा खून, सगळं आखून. तरी नाथान आल्यावर त्याने पाप कबूल केलं आणि त्याला क्षमा मिळाली. परिणाम मात्र टळले नाहीत (२ शमुवेल १२). पेत्राला तर आधीच सांगून ठेवलेलं होतं, तरी त्याने तीनदा नाकारलं. यहूदालाही पस्तावा झाला होता (मत्तय २७:३). फरक इतकाच की तो याजकांकडे गेला, येशूकडे गेला नाही. म्हणजे नुसतं वाईट वाटणं पुरेसं नाही. ते वाईट वाटणं आपल्याला कोणाकडे नेतं, हे महत्त्वाचं.

मंडळ्या काय शिकवतात?

कोल्हापूर, सांगली, मिरज भागात प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी काम केलं. मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटलही त्यातूनच उभं राहिलं. त्यांच्या परंपरेचं उत्तर डॉर्टच्या सभेत (१६१८-१९) स्पष्ट मांडलं गेलं: खरा विश्वासणारा भयंकर पडू शकतो, पण देव त्याला शेवटपर्यंत राखतो. आधार योहान १०:२८-२९. जो कायमचा निघून गेला, तो मुळात आपल्यातला नव्हता (१ योहान २:१९).

मेथडिस्ट मंडळ्यांचे जॉन वेस्ली म्हणायचे की खरा विश्वासणाराही विश्वास टाकून देऊ शकतो, आणि इब्रीचा इशारा खराखुरा आहे. पण पडलेला माणूस परत येऊ शकतो, हेही ते तितक्याच ठामपणे सांगत.

माझा वसईचा रूममेट कॅथलिक. त्यांच्याकडे प्राणघातक पापासाठी तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर, पूर्ण जाणीव आणि स्वेच्छेने दिलेली संमती. अशा पापाने कृपा गमावते, पण पश्चात्ताप आणि पापनिवेदनाने देवाशी पुन्हा समेट होतो. माझी गोष्ट ऐकून तो म्हणाला, "तुझ्या तिन्ही टिक झाल्यात रे."

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा त्यात प्रेस्बिटेरियनही आले आणि काही मेथडिस्टही. या प्रश्नावर त्यांच्या परंपरांची उत्तरं एक नव्हती, तरी ते एका मेजावर प्रभुभोजन घेऊ लागले.

मी स्वतः पहिल्या मताकडे झुकतो. पण त्या रात्री या तिघांपैकी एकानेही मला "आहेस तिथेच बस" म्हटलं नसतं. तिघांनीही "आज माघारी ये" असंच सांगितलं असतं.

आता रमाबाईंचं केडगाव. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पण आपल्या साक्षीत त्या सांगतात की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त स्वतः मिळाला तो जवळपास आठ वर्षांनी. पुढे १९०५ मध्ये मुक्ती मिशनमध्ये जागृती आली. रोज प्रार्थना करणाऱ्या मुली तिथे पापांसाठी रडल्या, त्यांनी ती कबूल केली. "आपण आधी तारलेले होतो की नव्हतो" याचा हिशेब जुळेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

मग माझं काय झालं?

मी घरी गेलो. पप्पा रात्रीच्या लाइटीवर उसाला पाणी देत होते. बांधावर बसून सगळं सांगितलं, इब्री १०:२६ पण सांगितलं. ते दारं मोडून आले, हात धुतले आणि म्हणाले, "तारण गेलं का ऱ्हायलं ते प्रभू बघंल. सोमवारी हापिसात काय सांगणार, ते बोल."

मी महिनाभर तारणावरचे व्हिडिओ बघत होतो. ते सगळं त्या एका प्रश्नापासून पळणं होतं.

सोमवारी एचआरला खरं सांगितलं. ऑफर रद्द झाली. जुन्या ठिकाणीही सांगितलं, तीही नोकरी गेली. चार महिने घरी बसलो. कंपन्यांची काही चूक नव्हती. हे सांगून मी तारण परत कमावलं असंही नाही, ते कमावता येत नाही. पण १ योहान १:९ त्यानंतर पहिल्यांदा मला न घाबरता वाचता आलं.

आज आपल्यासाठी

भीतीने झोप उडालेल्या मित्रा, ज्याने प्रभूला खरंच लाथाडलंय, त्याला रात्री साडेबाराला हा प्रश्न सहसा छळत नाही. इब्री १०:१९-२२ पुन्हा वाच. इशाऱ्याच्या आधी आत यायचं आमंत्रण आहे.

आणि "मग क्षमा मागू" म्हणणाऱ्या मित्रा, रोम ६:१-२ वाच. पाप करताना आपण मनही कडक करत असतो. उद्या क्षमा मागायची इच्छाच उरेल, याची खात्री कोणी दिलीय?

दोघांनीही एक काम करा. ज्याला खरं सांगायचं राहिलंय, त्या माणसाचं नाव आज प्रार्थनेत घ्या.

त्या भावाला मी फोन केला. त्याने अजून कोणाला सांगितलेलं नाही. आम्ही रोज रात्री दहाला मिळून प्रार्थना करतो. तुम्हीही त्याची आठवण ठेवा.

प्रार्थना: हे प्रभू येशू, मी जाणूनबुजून केलेलं पाप तुला ठाऊक आहे. मला त्यात राहू देऊ नकोस. खरं बोलायचं धैर्य दे, आणि परिणाम सोसताना माझा हात सोडू नकोस. आमेन.