सेन्सर नवा, दिवा तोच

देवबागेच्या किनाऱ्यावर दगडांचे डंपर फिरवणाऱ्यांना मी पहिली गोष्ट सांगतो ती ही : डीपीएफचा दिवा पेटला, तर सेन्सर सगळ्यात शेवटी बदला. बहुतेक मालक तो सगळ्यात आधी बदलतात. मग दुसरा बदलतात. मग कोणीतरी म्हणतो, "गाळणीच गेली असेल," आणि गोष्ट लाखाच्या घरात जाते. दिवा मात्र हलत नाही.

1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्यांना धुराचे बीएस-6 नियम लागू झाले आणि डंपरच्या सायलेन्सरात काजळीची गाळणी, म्हणजे डीपीएफ, आली. बांधकामाच्या यंत्रांच्या धूरनियमांचा पाचवा टप्पा 1 जानेवारी 2025 पासून सुरू झाला, त्यामुळे आता नव्या पोकलेनलाही ती असते. गाळणीच्या आधी एक आणि नंतर एक अशा दोन बारीक नळ्या निघतात आणि एका सेन्सरला जाऊन मिळतात. दोन्हीकडच्या दाबात किती फरक आहे, एवढेच तो सेन्सर सांगतो. फरक वाढला की ईसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक, समजतो, काजळी साठली. मग जादा डिझेल देऊन धूर साधारण 600 अंशांपर्यंत तापवायचा आणि काजळी जाळून टाकायची, याला आपण रिजन म्हणतो.

देवबागेत नेमकी अडचण अशी की इथे गाळणी खरोखरच तुंबते आणि सेन्सरही खोटे बोलतो, आणि दोन्हींचा दिवा एकच. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्लीची खाडी, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. रस्ता अरुंद, समोरून पर्यटकांच्या गाड्या. डंपर तासन्‌तास रांगत येतो, खाली पोकलेन त्याची वाट बघत आयडलवर उभी. धूर पुरेसा तापतच नाही, काजळी जळत नाही. वरून खारा वारा. पावसाच्या आधी बंधाऱ्याचे काम उरकायची घाई असते, मे महिन्यात कोणालाच गाडी उभी करायला वेळ नसतो, आणि पार्ट बदलणे हे तपासण्यापेक्षा सोपे वाटते.

असाच एक डंपर माझ्याकडे आला. ड्रायव्हर मालवणचा. म्हणाला, "मामानु, नवो सेन्सर घातलो, पण दिवो काय जाणा नाय. आणि गाडी सारखी रिजन मागता." स्कॅनरवर कोड होता एसपीएन 3251, एफएमआय 2. पहिला आकडा सांगतो दाबाचा फरक. दुसरा सांगतो की येणारे माप पटण्यासारखे नाही. गाळणी तुंबली, असे हा कोड म्हणतच नाही. तरी माझ्याकडे येण्याआधी गाळणी उतरवून साफही करून आणली होती.

चावी ऑन केली, इंजिन बंद. धूर नाही म्हणजे फरक शून्य असायला हवा. स्क्रीनवर तीन किलोपास्कलच्या आसपास. दोन्ही नळ्या सेन्सरवरून काढून ठेवल्या. आकडा तसाच. आता नळ्यांचा आणि गाळणीचा संबंधच संपला, दोष विजेचा. कपलरवर पाच व्होल्ट बरोबर येत होते. अर्थच्या वायरला आधीच्या माणसाने मीटरचा बीप लावून पाहिला होता आणि "वायर ठीक आहे" म्हणून सोडून दिले होते. या बीपवर विसंबू नका. कित्येक मीटर तीस-चाळीस ओहमपर्यंतही बीप देतात. सेन्सर जोडलेला ठेवून, चावी ऑन करून, कपलरच्या मागच्या बाजूने सेन्सरची अर्थ पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये व्होल्ट मोजले. नगण्य यायला हवेत, आले 0.3. तेवढाच सिग्नल वर उचलला जात होता, आणि ईसीएमला रिकामी गाळणी भरलेली दिसत होती.

वायरीवरून बोटे फिरवत मागे गेलो. चेसिसच्या आडपट्टीजवळ काळी टेप गुंडाळलेली. सोडली तर प्लास्टिकला सुईएवढे भोक, कधीतरी कोणी टेस्ट लॅम्पचे टोक खुपसून करंट पाहिला असणार. सोलून बघतो तो आत तांबे उरलेच नव्हते, हिरवी पूड आणि दोन-तीन तारा. खारे पाणी भोकातून आत शिरले होते आणि टेपने ते धरून ठेवले होते. तेवढा तुकडा कापला, नवी वायर जोडून गोंदवाली हीटश्रिंक चढवली. आकडा शून्यावर आला. म्हणून किनाऱ्यावरच्या गाडीच्या वायरीला टोचू देऊ नका, वायरमन कितीही ओळखीचा असो.

दोष पकडायचा क्रम थोडक्यात सांगतो. सकाळी गाडी चालू करायच्या आधी स्कॅनर लावा. धुराच्या मार्गात दोन-तीन तापमानाचे सेन्सरही असतात. रात्रभर थंड झालेल्या गाडीत सगळ्यांनी बाहेरच्या हवेएवढेच तापमान दाखवायला हवे. एखादा एकटाच दीडशे म्हणत असेल तर तिथून सुरुवात करा. मग दाबाचा शून्य बघा. मग इंजिन चालू करून रेस द्या : फरक रेसबरोबर वाढला पाहिजे, सोडल्यावर उतरला पाहिजे. उणे आकडा आला तर कोणीतरी नळ्या उलट्या लावल्या आहेत. आकडा हलतच नसेल तर नळी तुंबली असेल, फाटली असेल, नाहीतर गाळणी आतून फुटली असेल. सायलेन्सरच्या तोंडात फडके फिरवा. धड गाळणीच्या मागे काळी काजळी जमत नाही. व्होल्टेज जास्त किंवा कमी असा कोड असेल तर कपलर काढून पाहा. कोड बदलला तर सिग्नलची वायर ईसीएमपर्यंत शाबूत आहे. बदलला नाही तर मीटर घेऊन खाली बसा.

नळी साफ करताना ती सेन्सरवरून आधी काढा. कॉम्प्रेसरची हवा सात-आठ बारची, सेन्सरचा पडदा त्याच्या कितीतरी कमी दाबासाठी केलेला. नळी जोडलेली ठेवून हवा मारली की चांगला सेन्सरही गेला. बसवताना नळीला सेन्सरपासून गाळणीकडे सरळ उतार द्या. मधे झोळ पडला की वाफेचे पाणी तिथे साचते आणि काजळीचा चिखल होतो.

सेन्सरवर शंका असताना जबरदस्तीचे रिजन लावू नका. खोट्या मापावर तापवत राहिले तर आतला गाभा वितळू शकतो. आणि खरोखर रिजन करायचेच असेल तर जागा बघा. सुरूच्या बनात खाली वाळलेल्या काड्यांचा थर असतो, माडांखाली चुडते, शेजारी कोणाची जाळी वाळत असतात. मोकळ्या वाळूवर या, आणि मागे कोणी उभे राहू नये. रिजन करूनही फरक उतरला नाही तर ती राख असते, इंजिन ऑइलमधून येते आणि जळत नाही. तेव्हा मात्र गाळणी उतरवून साफच करावी लागते. ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच टाका, स्वस्ताच्या नादी लागू नका.

"गाळणी काढून सॉफ्टवेअर मारून देतो" म्हणणारेही हल्ली भेटतात. मी ते करत नाही. गाडीत असा बदल करणे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 च्या विरुद्ध आहे, आणि पासिंगला अडकलात की तो सॉफ्टवेअरवाला फोन उचलत नाही.

मेकॅनिकला फोन करण्याआधी कोडच्या स्क्रीनचा फोटो काढा, एफएमआयच्या आकड्यासकट. बॅटरी काढून दिवा घालवायचा प्रयत्न करू नका. गाडी तेव्हा चढावर होती की आयडलवर, आदल्या दिवशी धुतली होती का, लाटेच्या पाण्यात रिव्हर्स घेतली होती का, हेही सांगा. अर्धा तपास तिथेच होतो.