मिक्सरवरील स्टिरिओ चॅनेल

१९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट काढला, तेव्हा आवाज एकाच वाटेने येई. आज स्नेहसंमेलनात वाजणारे ध्वनिमुद्रित संगीत बहुधा डाव्या व उजव्या अशा दोन वाटांनी येते. मिक्सरवरील स्टिरिओ चॅनेलचा एकच फेडर या दोन्ही वाटा सांभाळतो. मात्र त्याचे ‘बॅलन्स’ बटण सहसा आवाज सरकवीत नाही, एक बाजू नुसती दाबते. ते पूर्ण डावीकडे फिरवले, की केवळ उजव्या वाटेतला तबला नाहीसा होतो! स्पीकर दूरदूर असतील, तर कडेच्या श्रोत्याला निम्मेच गाणे ऐकू येते. अशा वेळी दोन्ही वाटा दोन साध्या चॅनेलांत घालून ‘पॅन’ मध्यावर ठेवावेत. कोपऱ्यातल्या खुर्चीलाही पूर्ण गाणे मिळाले पाहिजे.